अर्विंगच्या काकू आणि माझं दहा मिनिटांचं भाषण

मी आज टेक्सासात टिकून आहे तो डॅलसला लागून असलेल्या अर्विंगमधल्या एका काकूंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे बोलण्याच्या भरात सगळं मीच केलं असं वाटायचं. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. साताऱ्याकडच्या, पासष्टीतल्या. एसटीच्या डेपोत पासाच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या, आणि आता मुलगा-सुनेकडे नातवंडं सांभाळायला आलेल्या. माझ्या चर्चशी त्यांचा काडीचा संबंध नाही आणि तो जोडायची त्यांना इच्छाही नाही. "मला देवाचं काही सांगायचं नाही हं. माझे देव मी बॅगेतून आणलेत," असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. आणि तरी माझ्या चर्चच्या कामात मला पायावर उभं केलं ते त्यांनीच.

मी मिशनरी आहे. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी, आणि कायम दोघं-दोघं. दोन वर्षं घर सोडून चर्च पाठवील तिथे राहायचं, दारोदार जायचं, कुणाला ऐकायचं असेल तर येशूबद्दल सांगायचं, कुणाचं सामान हलवायचं असेल तर हलवायचं. जोडीदार चर्चच ठरवतं आणि दर काही आठवड्यांनी बदलतं. एकट्याने कुठेही जायचं नाही. सगळ्यांना 'एल्डर' म्हणतात, म्हणजे वडीलधारे. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना अजून धड दाढी येत नाही.

मी मूळचा जुन्नर भागातला. नववीत शाळा सुटली आणि भाजीच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून लागलो. पुढे पिंपरीत एका मित्रामागून मी या चर्चच्या छोट्याशा हॉलमध्ये गेलो तो खरं तर बास्केटबॉल खेळायला. तिथे कुणी मला "कितवी झाली?" असं विचारलं नाही, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी पुढच्या रविवारी परत गेलो. मग जातच राहिलो. आईने एवढंच विचारलं, "तिथे दारू पितात का?" मी म्हटलं, "दारू काय, चहासुद्धा पीत नाहीत." आई म्हणाली, "चहासुद्धा नाही? मग लोक घरी आल्यावर करतात काय?" अमेरिकेला निघालो तेव्हा तिने आळीत सांगितलं, पोरगं ट्रेनिंगला चाललंय. कशाचं ट्रेनिंग ते तिनेही सांगितलं नाही आणि मीही.

काळजी हा माझा जुना आजार आहे. दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघतो, जिना उतरल्यावर परत वर जातो. इथे येऊन तर काळजीला नुसता बहर आला. बेल वाजवली तर कुत्रं येईल का? माणूस आला तर इंग्रजी कळेल का? त्याचं मला कळेल आणि माझं त्याला कळणार नाही, असं तर होणार नाही? बऱ्याच दारांवर कॅमेऱ्याची बेल असते. मालक कुठल्या तरी ऑफिसात बसलेला असतो आणि दारातूनच त्याचा आवाज येतो, "नो, थँक यू." पहिल्यांदा असा आवाज आला तेव्हा मी दाराला नमस्कार केला होता. माझा जोडीदार हसून हसून पायरीवर बसला.

हा जोडीदार आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, दरवाजातून वाकून आत येणारा मुलगा. स्वभावाने लोण्यासारखा. गाडी तोच चालवायचा. आणि आमच्या गाडीचा एक नियम आहे. गाडी रिव्हर्स घ्यायची असेल तर दुसऱ्या मिशनरीने खाली उतरून मागे उभं राहायचं आणि हातवारे करून गाडी मागे घ्यायला लावायची. गाडीत कॅमेरा असला तरीही. इतर पोरांना या नियमाचा कंटाळा. ती खाली उतरून उगाच हात हलवल्यासारखं करतात.

मला मात्र हा नियम पहिल्यांदा सांगितला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. सगळ्या अमेरिकेत मला पूर्ण येणारं हे एकच काम होतं. मी खाली उतरायचो, गाडीच्या मागे डाव्या कोपऱ्याला उभा राहायचो आणि सुरू व्हायचो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... लेफ्ट मारा, अजून मारा... सरळ... येऊ द्या... बास!" आणि 'बास'बरोबर डिकीवर दोन थापा. हळू आवाजात हे काम होतच नाही. मी करून बघितलं. आयडाहोचा गडी आठवड्याभरात 'लेफ्ट मारा' आणि 'बास' शिकला. आरशात माझ्याकडे बघत तोसुद्धा आतून ओरडायचा, "येऊ ड्या?"

तर एका सोमवारी आम्ही अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. सोमवार म्हणजे आमचा कपडे धुवायचा, बाजार करायचा, घरी व्हिडिओ कॉल करायचा दिवस. पार्किंग खच्चून भरलेलं, मागे एक मोठी गाडी तिरकी लावलेली. मी मागे उभा राहून नेहमीप्रमाणे घसा मोकळा केला. 'बास' म्हणून डिकीवर थाप मारली आणि पाठीमागून आवाज आला,

"कुठल्या स्टँडवरचा रे तू?"

वळून बघितलं तर ट्रॉलीत कोथिंबिरीच्या जुड्या आणि तांदळाची पिशवी घेऊन एक बाई उभ्या. सलवार-कमीज, पायात पांढरे बूट, कपाळाला टिकली. घरच्या कॉलशिवाय कितीतरी दिवसांत समोरासमोर मराठी ऐकलं नव्हतं.

"स्टँडवरचा नाही. टेम्पोवर होतो. नारायणगाव मार्केट."

"तरीच. आमच्या डेपोत असा आवाज असता तर दोन गाड्या भिंतीला लागायच्या वाचल्या असत्या. आणि हे काय सोंग? टायबिय?"

तेवढ्यात त्यांच्या सूनबाई गाडीतून म्हणाल्या, "आई, चला ना, आइस्क्रीम मेल्ट होतंय."

"होऊ दे मेल्ट. माझ्या गावाकडचा मुलगा भेटलाय."

जुन्नर आणि सातारा यांच्यात किती अंतर आहे ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण डॅलसच्या पार्किंगमध्ये उभं राहून ते मोजायचं कुणी? मी त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी वाचली, जोडीदाराकडे मान वर करून बघितलं, देवाबद्दलचं ते बजावणं बजावलं आणि पत्ता दिला. "मेथी लावायचीय मागे. मातीच्या पिशव्या मला उचलत नाहीत आणि मुलाला वेळ नाही. येता का?"

लोकांची कामं करणं आमच्या कामातच बसतं, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. प्रश्न दुसराच होता. आम्ही गेलो तो दिवस कामाचा. मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं शाळेत. आणि आमचा नियम असा, की घरात एकटी बाई असेल आणि दुसरा पुरुष नसेल, तर आत पाऊल टाकायचं नाही. हे मी दारात उभा राहून खालमानेने सांगितलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग जोडीदाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "माझं वय माहितीये का तुला?"

"नियम आहे, काकू."

"म्हणजे मी तुम्हाला घाबरायचं, का तुम्ही मला?"

"दोन्ही असेल."

त्या इतक्या हसल्या की त्यांना दाराला धरावं लागलं. मग आत गेल्या, गॅरेजचं शटर वर गेलं, आणि तीन घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडल्या गेल्या. "आता बघू दे सगळ्या गल्लीला. बसा." तेव्हापासून आमची बैठक तिथेच. एका बाजूला वॉशिंग पावडरचे डबे, एका बाजूला नातवाची सायकल, आणि समोरून कुत्री फिरवणारे शेजारी आम्हाला हात करताहेत. चहा आम्ही घेत नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण मागे त्या हटल्या नाहीत. "कोकम चालतं? पन्हं चालतं? ताक तरी चालतं ना? मग झालं तर." चिवड्याचा डबा उघडला की आयडाहो बाकी जग विसरायचा. त्याला त्या लंबू म्हणायच्या. "लंबू, शेंगदाणे वेचून खायचे नाहीत, सगळं मिळून खायचं." हे तो मराठीतच समजायचा आणि तसं करायचा.

मेथी लावून झाली, उगवूनही आली, आणि मग ते भाषणाचं संकट आलं.

आमच्या चर्चमध्ये पगारी धर्मगुरू नसतो. दर रविवारी मंडळीतलीच माणसं उठून बोलतात. कधी शाळेतली मुलगी, कधी प्लंबर. आमचे बिशपसुद्धा आठवडाभर दात तपासतात आणि रविवारी चर्च बघतात. एका रविवारी ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, एल्डर, दोन आठवड्यांनी तुम्ही बोला. दहा मिनिटं. विषय, कृतज्ञता.

मी "येस" म्हणालो. माझ्या तोंडून नेहमी आधी 'येस'च निघतं.

घरी आलो तेव्हा कुठे कळलं, कशाला हो म्हणालो ते. नववीत मराठीच्या तासाला बाईंनी धडा वाचायला उभं केलं तर मला ओळच सापडायची नाही. इथे इंग्रजीत, माइकवर, दोनशे माणसांसमोर! दारावर मी जी वाक्यं बोलायचो ती पाठ केलेली असायची. ती संपली की जोडीदार सांभाळून घ्यायचा. माइकवर तो काय सांभाळणार? आणि मनात खोल कुठेतरी असंही होतं, की आजवर चाललंय ते चाललंय. उभं राहून बोललो की सगळ्यांना कळेल, यांनी नववीतल्या पोराला एवढ्या लांबून उगाच आणलं. मिशनच्या अर्जात मी काही लपवलं नव्हतं, पण भीतीला अर्ज वाचता येत नाही.

मी जोडीदाराला सांगून टाकलं. भाषण जमलं नाही, तर सोमवारी मिशनच्या साहेबांना फोन करणार आणि म्हणणार, मला घरी पाठवा. माझ्याच्याने हे होत नाही. तो बिचारा म्हणाला, "मग मी गाडी मागे कशी घेणार?" पण त्याला कळलं होतं की मी थट्टा करत नाहीये. त्याने संध्याकाळभर बसून मला एक भाषण लिहून दिलं. सुंदर होतं. त्यातला एकेक शब्द माझ्या दातांत अडकत होता.

ते भाषण घेऊन आम्ही गॅरेजात गेलो. काकू मटार सोलत बसल्या होत्या. जोडीदार दारातच मेथीसाठी पाण्याची नळी उलगडत बसला आणि मी वाचायला लागलो. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"थांब. 'प्रोफाउंडली' म्हणजे काय?"

"खूप... खोल."

"काय खोल?"

"ते लंबूने लिहिलंय."

"मग लंबूला उभं कर. तुझा आवाज त्याच्या भाषणाला कशाला भाड्याने देतोस?" त्यांनी मटाराची शेंग फोडली. "विषय काय म्हणालास?"

"आभार मानणं."

"तुझ्या आईला कधी थँक्यू म्हणालास?"

"म्हणालो ना. इथे आल्यावर. इथे सगळेच सारखं म्हणतात, तर एका सोमवारी कॉलवर मीही म्हणालो, आई, थँक्यू, तू माझ्यासाठी किती केलंस."

"मग?"

"ती म्हणाली, काय झालं? बरं नाही का तुला? डॉक्टरला दाखवलंस का?"

काकूंच्या मांडीवरची परात कलंडली. मटार गॅरेजभर. ते गोळा करता करता त्या डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "अरे, हेच. हेच सांग."

"हे काय सांगायचं? हे घरचं आहे."

"मग काय परक्याचं सांगणार? बरं, आईचं राहू दे. टेम्पोवर कोण होतं तुझ्याबरोबर?"

मी मामांचं सांगितलं. मामा म्हणजे ड्रायव्हर, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तोंडाने फाटके. मला कधी नीट नावाने हाक मारली नाही त्यांनी. पण थंडीच्या दिवसांत नारायणगावहून निघालो की इंजिनाकडची उबदार जागा माझी. स्वतः ते अर्धी काच उघडी ठेवून गाडी चालवायचे, झोप येऊ नये म्हणून. मला ताप होता तेव्हा टोमॅटोचे कॅरेट त्यांनी एकट्याने उतरवले आणि वर शिव्या दिल्या. मी कधी आभारबिभार म्हणालो नाही. म्हणालो असतो तर कानाखाली बसली असती. मी एवढंच करायचो, ते चहाला गेले की पुढची काच लख्ख पुसून ठेवायचो. ते परत येऊन काचेकडे बघायचे आणि काहीच म्हणायचे नाहीत.

काकू सोलायचं थांबल्या होत्या. "आमच्याकडेही असंच," त्या म्हणाल्या. "मालकांना मी कधी म्हणाले? नाही. त्यांच्या डब्यात लसणाची चटणी जास्त घालायची, झालं. इथे ही नातवंडं पाण्याचा ग्लास दिला तरी थँक यू आजी म्हणतात. चांगलंच आहे ते. पण मला पहिल्यांदा वाटलं, मी वेटर आहे का यांची?"

त्या दिवसापासून रोज थोडा वेळ हाच उद्योग. लंबूने लिहिलेलं भाषण काकूंनी घडी करून खुर्चीच्या डगमगत्या पायाखाली सारलं. आधी मी सगळं मराठीत सांगायचं, मग मला येईल त्या इंग्रजीत. अडलो की शब्द शोधायचा नाही, दुसऱ्या वाटेने जायचं. 'कॅरेट'ला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. काकू म्हणाल्या, "टोमॅटोचे मोठे खोके म्हण ना. टोमॅटो इथेही लालच असतात." मी बोलत असताना त्यांच्या हाताला काही ना काही काम असायचंच. भेंडी पुसणं, लसूण निवडणं. त्यामुळे माझ्याकडे कुणी डोळे लावून बसलंय असं कधी वाटायचं नाही. मला वाटतं, त्या मुद्दामच तसं करायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "मुद्दाम कशाला? स्वयंपाक कोण करणार मग?"

शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या मी येणार ऐकायला."

"काकू, तिथे टाळ्या वाजवत नाहीत हं."

"का?"

"तसाच रिवाज आहे. शेवटी सगळे आमेन म्हणतात."

"सगळं एकदम शेवटी? बरं बाई. नाही वाजवणार."

रविवारी त्यांचा मुलगा त्यांना आणि लहान नातीला घेऊन आला. पुण्याला इंजिनीअरिंग केलेला, सॉफ्टवेअरवाला, शांत माणूस. त्याच्या चेहऱ्यावर, आईने आपल्याला कुठे आणलंय, असा भाव होता. काकू मोतिया रंगाची साडी नेसून, अंगावर स्वेटर आणि पायात तेच पांढरे बूट, अशा तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारच्या म्हाताऱ्या टेक्सन बाईंनी त्यांना गाण्याचं पुस्तक दिलं. काकूंनी ते उघडून मांडीवर ठेवलं आणि गाणी चालू असताना मान डोलावली.

माझं नाव पुकारलं. माइकपर्यंत गेलो. कागद नव्हता, कारण कागद नको असं आमचं ठरलं होतं. मी वर बघितलं.

गॅरेजात मला कुणी सांगितलं नव्हतं की इतकी माणसं एकदम गप्प बसली की काय होतं. मागे एखादं तान्हं बाळ कुरकुरत होतं तेवढंच. बाकी मोठी माणसं हात मांडीवर ठेवून, चेहरे प्रेमळ ठेवून, एकदम स्तब्ध. मी पहिलं वाक्य बोललो. ते त्या शांततेत पडलं आणि गडप झालं. दुसरं बोललो, तेही गेलं. तिसरं माझ्या तोंडातच राहिलं. मला वाटलं, संपलं. उद्या फोन. परवा-तेरवा विमान. आईला काय सांगायचं याची जुळवाजुळवसुद्धा मी तिथे उभ्या उभ्या सुरू केली. ट्रेनिंग लवकर संपलं म्हणून.

आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "हं."

मोठ्याने. खिडकीवरून पुढच्या माणसाला बोलवावं तसा. "हं... मग?"

मला एकदम कळलं काय चुकत होतं ते. आमच्याकडे कुणी बोलायला लागलं की समोरच्याने हं म्हणायचं असतं. हं म्हटलं नाही तर बोलणारा थांबून विचारतो, ऐकतोयस ना? मामा गाडी चालवताना गोष्ट सांगायचे आणि मी हं म्हणायला विसरलो तर थोबाडीत द्यायचे, झोपलास का म्हणून. आणि गॅरेजात काकू रोज, लसूण निवडता निवडता, माझ्या प्रत्येक वाक्याला हं म्हणत होत्या. मला ते ऐकूसुद्धा येत नव्हतं, इतकं ते घरचं होतं.

मी तिसरं वाक्य बोललो.

"हं," काकू म्हणाल्या.

मुलाने हळूच त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. मी चौथं बोललो. या खेपेला 'हं' दोन आले. दुसरा पहिल्या बाकावरून, जाड आवाजात, आयडाहोच्या उच्चाराचा. मग काकूंच्या नातीला वाटलं हा खेळ आहे, तिनेही सुरू केलं. तिच्या पुढच्या बाकावरची दोन पोरं तिला सामील झाली. आईचं, "बरं नाही का तुला?" सांगितलं तेव्हा सगळा हॉल हसला. बिशप तर मागे खुर्चीत इतके हसले की माइकमध्ये ऐकू आलं. मामांच्या काचेचं सांगितलं तेव्हा परत सगळे गप्प झाले. पण आता त्या गप्प बसण्याची मला भीती वाटत नव्हती. मध्ये एक शब्द अडला, मी दुसऱ्या वाटेने गेलो. काळ, वचन, सगळं चुकलं असेल. मी आमेन म्हणालो. सगळे आमेन म्हणाले. काकूंनी वर आणखी एक हं म्हटलं.

नंतर बाहेर लोक हात मिळवायला आले. एका उंच म्हाताऱ्याने, जन्मभर ट्रक चालवलेल्या, माझा हात धरून एवढंच विचारलं की तुमच्याकडे काच कशाने पुसतात. मी म्हटलं, वर्तमानपत्राने. तो म्हणाला, आम्हीही. आणि बराच वेळ हात सोडेना. काकूंभोवती बायकांचा घोळका जमला होता आणि त्या त्यांना आपल्या इंग्रजीत समजावत होत्या, "यू टॉक, आय से हं. नो हं, नो टॉक." त्यांचा मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "सॉरी हं, आईचं जरा..." मग थांबला. "तू ते काचेचं सांगितलंस ना. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते." मग लेकीला उचलून गाडीकडे गेला.

सोमवारी सकाळी कपडे मशिनमध्ये टाकताना जोडीदाराने विचारलं, "फोन करायचाय ना तुला?"

"कुणाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावर ओला मोजा फेकला.

त्यानंतर मी आणखी दोनदा बोललो. एकदा बरं झालं, एकदा फार वाईट. पण घरी जायचा विचार परत आला नाही. काळजी आहे, ती राहीलच. कुलूप अजूनही दोनदा ओढतो.

माझी बदली टेक्सासातल्याच फ्रिस्कोला झाली तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी आम्ही काकूंकडे गेलो. मेथी खुडायला आली होती. त्यांनी थेपले बांधून दिले. लंबूसाठी चिवड्याची वेगळी पिशवी. मी काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "आभार मानलेस तर थेपले परत घेईन."

मग काय बोलायचं हा प्रश्न होता, म्हणून मी विचारलं, "तुमचं गावाकडे काही काम असेल तर सांगा. पुढच्या वर्षी मी परत जाणार."

त्या लगेच नाही म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, मेथीच्या काड्या मोडत, त्यांनी थोरल्या बहिणीचं सांगितलं. कऱ्हाडला एकटी असते. कानाने जवळजवळ काही ऐकू येत नाही, त्यामुळे फोन चालत नाही. व्हिडिओवर नुसती तोंडं बघत बसतात दोघी. शेजारची मुलगी फोन धरते आणि तिला घाई असते. "ती सारखी विचारते, तिकडे बरी आहेस ना. मी मान हलवते. मान हलवून काय कळतं?"

एवढंच म्हणाल्या, आणि काड्या कचऱ्यात टाकायला आत गेल्या.

काकू, तुम्ही हे वाचाल की नाही ते मला माहीत नाही. पण मी कऱ्हाडला जाणार आहे. घरी पोचलो, आईला भेटलो, की आधी तिथेच. तुमच्या ताईंच्या जवळ बसेन, अगदी कानाशी, आणि माझ्याकडे जेवढा आवाज आहे तेवढा लावून त्यांना सगळं सांगेन. तुमची मेथी कशी आली ते, नात कशी दिसते ते, पांढऱ्या बुटांचं, मुलाने पदर ओढला तेही. त्यांनी परत विचारलं तर परत सांगेन. त्यांना पुरेसं कळेपर्यंत उठणार नाही. आणि एकदाच नाही, जाऊन येऊन राहीन. तेवढं मला नक्की करता येईल, आणि ते मी करणार.